टोचणारी ऊब

अंध माणसाला मऊ कापड सुखावतं आणि राठ कापड सलतं, असं आपण सहज धरून चालतो. राहुरीकडच्या मुळा-प्रवरेच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पांघरलेली घोंगडी मात्र ही समजूत टिकू देत नाही. दख्खनी मेंढीची लोकर मुळातच भरड. ती कातरायची, पिंजायची, धनगर बायकांनी तिचं सूत काढायचं आणि सणगर विणकरांनी खड्ड्याच्या मागावर विणायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ, त्यामुळे नवी घोंगडी ताठर. वापरून, धुऊन ती हळूहळू अंगाला बसते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. त्याची घोंगडी सर्वांत मऊ आणि महाग. माल जावळाचा आहे की नाही, पीळ घट्ट आहे की सैल, हे चाचपूनच कळायचं. काळ्या लोकरीत डोळ्यांना दिसतं तरी काय? निदान या खरेदीत तरी डोळस गिऱ्हाइकाला अंधापेक्षा फारसं झुकतं माप नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, टोचणं हा शरीराचा धर्म आहे, त्यात रूढीचा काय संबंध? आक्षेप निराधार नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेतल्या वेदनेच्या मज्जातंतूंना चाळवतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात दाखवलं. पण टोचतं ते नकोसंच वाटतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. सोवळ्यातली धाबळी लोकरीचीच. ती अंगाला खुपे, तरी सोवळ्यात तिला मान. धनगरांच्या देवकार्यातही घोंगडीला मान असतोच. पावसात, थंडीत, मेंढरांच्या वासासकट जी लहानपणापासून अंगावर आली, तिची खरखर ऊब होऊन बसते. अंध माणसाला कापडाची ओळख रंगातून होत नाही. ती पोत, वजन आणि वासातूनच होते. मग त्याच्या आठवणीही तिथंच साठणार.

तरी या आवडीनिवडीची नोंद कुणी ठेवली नाही. ब्रिटिश जनगणनेनं १८७२पासून अंधांची डोकी मोजली. १९००च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. हेच मिशन राहुरीतही होतं, कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तिथं राहिले ते त्याच्याच कामासाठी. अशा शाळांनी बोटांना ब्रेल शिकवलं, वेत विणायला शिकवलं, आणि ते उपकारच होते. पण बोटांकडे पाहिलं गेलं ते हत्यार म्हणून. त्यांना काय आवडतं, हे विचारलं गेलं नाही. गरिबीत कसली आवड, असं म्हणणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं की ज्याला एका घोंगडीवर कित्येक हिवाळे काढायचे असतात, तोच ती सर्वांत चोखंदळपणे चाचपतो.

राहुरीत १९६८मध्ये कृषी विद्यापीठ आलं. दख्खनी मेंढीच्या सुधारणेचं काम तिथं झालं, पण भर राहिला मांसावर. भरड लोकरीला भाव उरला नव्हता. आता अंध गिऱ्हाईकही तयार कपड्यांच्या दुकानातच जातं, आणि तिथं विक्रेता सोबतच्या माणसाला रंग सांगत बसतो. दुकानदारांनी एवढं करावं: कापड आधी अंध गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं, आणि भाव त्यालाच सांगावा.