वेब.कॉन्फिगचा वारसा

एकाच सर्व्हरवर एका वेब ॲप्लिकेशनच्या खाली दुसरे बसवले, की वरच्याच्या सेटिंग्ज खालच्याला आपोआप लागू होण्याची मायक्रोसॉफ्ट एएसपी.नेटमधील पद्धत. .नेट फ्रेमवर्कच्या 2002 मधील पहिल्या आवृत्तीपासून ती चालत आली आहे. मुळाशी सबंध यंत्राच्या सेटिंग्जची फाइल मशीन.कॉन्फिग, तिच्या खाली साइटची, ॲप्लिकेशनची आणि उपफोल्डरची वेब.कॉन्फिग. शेवटी वाचलेली फाइल आधीच्यांवर मात करते. ही उतरंड यूआरएलची असते, डिस्कवरच्या फोल्डरांची नव्हे. त्यामुळे खालचे ॲप्लिकेशन दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवले तरी वारसा सुटत नाही. अपाचेच्या .एचटीॲक्सेस फाइली मात्र डिस्कवरच्या फोल्डरांनुसार लागू होतात.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरच्या आवृत्ती 7 पासून सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंग्जही याच साखळीत आल्या.

एकाच ॲप्लिकेशनच्या फोल्डरांमध्ये हा वारसा सोयीचा आहे. ॲप्लिकेशनची हद्द त्याला ओलांडू देणे ही मात्र रचनेतलीच चूक मानावी लागते, कारण सेटिंग खाली उतरते आणि कोड वरच राहतो. प्रत्येक ॲप्लिकेशनचे कोडच्या डीएलएल फाइलींचे बिन फोल्डर वेगळे असते. वरच्या फाइलीत एखादे एचटीटीपी मॉड्यूल नोंदवले आणि त्याची डीएलएल फक्त वरच्या बिनमध्ये असली, तर खालचे ॲप्लिकेशन ती स्वतःच्या बिनमध्ये शोधते, तिथे ती नसते आणि पहिल्याच रिक्वेस्टला पिवळे एरर पान येते. खालच्या कोडची एक ओळही बदललेली नसते. (डीएलएल यंत्राच्या सामाईक जीएसीमध्ये असेल तर हा प्रसंग येत नाही.) दोन्ही फाइलींत एकाच एक्स्टेन्शनचा माइम प्रकार जोडला, तर 500.19 ही एरर येते.

सुरक्षेचे नियम सर्व ॲप्लिकेशन्सवर एकदम लादायला हा वारसा हवाच, असे म्हटले जाते. ती गरज खरी आहे. पण ती यंत्राच्या पातळीवर भागते, तिथे नियमाला कुलूपही लावता येते. त्यासाठी एका ॲप्लिकेशनला शेजारच्याचे वडील करण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप असा, की तोड आहेच. खालच्या फाइलीत 'रिमूव्ह' लिहिता येते, पण मग वरच्याने काय नोंदवले ते नावानिशी ठाऊक हवे. 'क्लिअर' लिहिले तर यंत्राकडून आलेली आवश्यक मॉड्यूल्सही पुसली जातात. 'लोकेशन' टॅगवर 'इनहेरिट-इन-चाइल्ड-ॲप्लिकेशन्स' हा गुणधर्म 'फॉल्स' करणे हा सर्वांत स्वच्छ उपाय. तो वरच्या फाइलीत करावा लागतो, म्हणजे ज्याला त्रास होतो त्याच्या हाती तो नसतो. शिवाय 'कॉन्फिग-सेक्शन्स' हा भाग त्या टॅगमध्ये घालता येत नाही, तो खाली उतरतोच.

2016 मध्ये आलेल्या एएसपी.नेट कोअरने ॲप्लिकेशनच्या सेटिंग्ज ॲपसेटिंग्ज.जेसनमध्ये नेल्या, त्या फाइलीला असा वारसा नाही. आयआयएससाठी वेब.कॉन्फिग अजून लागते, आणि नव्या आवृत्त्यांत पब्लिश करताना तयार होणाऱ्या त्या फाइलीत हा गुणधर्म 'फॉल्स' करूनच दिलेला असतो.