अमेरिकेतील काउंटी पातळीवरील शेती अनुदान

अमेरिकेच्या संघराज्य सरकारकडून शेतकऱ्यांना मिळणाऱ्या अनुदानाची अंमलबजावणी प्रामुख्याने काउंटी पातळीवर होते. काउंटी हा राज्याचा प्रशासकीय विभाग असून त्याची तुलना स्थूलमानाने भारतातील जिल्ह्याशी करता येते. निधी व नियम संघराज्याच्या कृषी विभागाचे असतात. अर्ज स्वीकारणे, पेऱ्याची नोंद ठेवणे आणि पात्रता तपासणे ही कामे त्या विभागाच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’ची स्थानिक कार्यालये करतात.

इतिहास

महामंदीच्या काळात शेतमालाचे भाव कोसळल्यावर, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत मे १९३३ मध्ये कृषी समायोजन कायदा संमत झाला. गहू, कापूस, मका इत्यादी पिकांचा पेरा कमी करणाऱ्या शेतकऱ्यांना या कायद्यान्वये मोबदला मिळू लागला. शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्यांवर कर बसवून हा पैसा उभारला जाई. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी मृदसंधारणाशी जोडलेला नवा कायदा आणि १९३८ मध्ये सुधारित कृषी समायोजन कायदा करण्यात आला.

दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात मोबदल्याचा मोठा भाग जमीनमालकांच्या हाती राहिला. पेरा घटल्यामुळे अनेक वाटेकऱ्यांना व कुळांना जमिनीवरून काढून टाकण्यात आले. याविरुद्ध १९३४ मध्ये आर्कान्सा राज्याच्या पॉइनसेट काउंटीतील टायरोन्झा येथे ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही संघटना स्थापन झाली. कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय असे दोन्ही शेतकरी तिचे सभासद होते.

अनुदानाची पद्धत

२०१४ च्या शेती कायद्याने ठरावीक रकमेचे थेट अनुदान बंद करून दोन मुख्य योजना आणल्या. पहिलीत पिकाचा बाजारभाव संदर्भ किमतीखाली गेल्यास भरपाई मिळते. दुसरीत काउंटीतील त्या पिकाचे सरासरी एकरी उत्पन्न हमी पातळीखाली गेल्यास रक्कम दिली जाते. ही पातळी आधारभूत उत्पन्नाच्या ८६ टक्के होती. २०२५ च्या कायद्याने ती ९० टक्के करण्यात आली.

दुसऱ्या योजनेत काउंटीची सरासरी हाच निकष असल्याने, गारपिटीने एकाच शेतकऱ्याचे पीक गेले आणि काउंटीची सरासरी टिकून राहिली, तर त्याला या योजनेतून काही मिळत नाही. शिवाय दोन्ही योजनांची रक्कम चालू हंगामाच्या पेऱ्यावर नव्हे, तर जमिनीच्या नावे पूर्वीच नोंदलेल्या आधारभूत क्षेत्रावर ठरते. साहजिकच मोठे क्षेत्र नोंदलेल्या शेतीकडे अधिक पैसा जातो. म्हणून प्रत्येक लाभार्थ्याच्या वार्षिक रकमेवर कायद्याने कमाल मर्यादा घातली आहे.

काउंटी समित्या आणि भेदभावाचा प्रश्न

स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समितीत ३ ते ११ सदस्य असतात व त्यांची मुदत ३ वर्षांची असते. परिसराची जाण असलेल्यांच्या हाती कारभार असावा, हा या रचनेमागील हेतू आहे. तथापि, स्थानिक सत्तेतील विषमताही याच वाटेने कारभारात शिरली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कर्जे व साहाय्य नाकारले वा लांबवले जाते, असा आरोप करणारा ‘पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन’ हा दावा १९९७ मध्ये दाखल झाला. १९९९ मध्ये त्यात तडजोड होऊन १५,००० हून अधिक शेतकऱ्यांना भरपाई मंजूर झाली. कृषी विभागाच्या कर्जवाटपातील भेदभावाबद्दल २०२४ मध्ये ४३,००० हून अधिक व्यक्तींना सुमारे २०० कोटी डॉलरचे साहाय्य देण्यात आले.