मशीन मधेच बंद पडतं तेव्हा

गटाच्या हिशेबासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर नामपुरात आला आणि दोन महिन्यांत त्याला खोड लागली. काम चालू असताना पडदा एकदम काळा व्हायचा. कधी दिवसभर काही नाही, तर कधी तासाभरात तीनदा. एकदा बँकेला द्यायची परतफेडीची यादी अर्ध्यातच गेली. बैठकीत सगळ्यांचं बोट नोंदी करणाऱ्या मुलीकडे वळलं. "हिनंच काहीतरी दाबलं असेल." खरं सांगायचं तर आम्हीही तेच म्हणालो. दुरुस्तीवाल्याने आतला मुख्य बोर्डच बदलायला सांगितला. तेवढे पैसे गटाकडे नव्हते. मग पूर्वीचे लोक असा बिघाड कसा शोधत, ते आम्ही वाचायला घेतलं.

१९४६च्या फेब्रुवारीत अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात एनिअ‍ॅक हे गणकयंत्र लोकांना दाखवलं गेलं. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत तापून लाल व्हायचे, तसलेच. एक जळाला की उत्तर चुकायचं, आणि तो एक शोधायचा अठरा हजारांतून! या यंत्रावर गणितं बसवायला सहा तरुणी होत्या : कॅथलीन मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बायलस आणि रूथ लिक्टरमन. शिकायला पुस्तक नव्हतं. जोडणीचे नकाशे वाचून त्या यंत्र शिकल्या, आणि पुढे बिघाड कुठल्या व्हॉल्व्हपाशी आहे, हे जवळजवळ नेमकं सांगू लागल्या. गणित मधेच थांबवायचं, तिथपर्यंतचा आकडा बरोबर आहे का बघायचं, मग पुढे जायचं. आपल्याला ही रीत नवी नाही. डाळिंबाच्या शेवटच्या झाडाला ठिबकचं पाणी पोचलं नाही, तर आपण सगळी नळी उपटत नाही. पाणी कुठपर्यंत येतंय ते बघत जातो.

आणखी एक गोष्ट तिथे ध्यानात आली. व्हॉल्व्ह जास्त करून यंत्र चालू-बंद करताना जळत. म्हणून ते शक्यतो बंदच करत नसत. (आपल्याकडच्या लाइटीवर त्यांचा काय निभाव लागला असता!)

यंत्राचा गाजावाजा झाला तेव्हा या सहाजणींची नावं कुणी घेतली नाहीत. त्यांचा जाहीर सन्मान झाला १९९७ मध्ये, पन्नास वर्षांनी.

आपल्या मुंबईतही असं यंत्र होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने १९५६मध्ये आधी लहान नमुना चालवून पाहिला, मग १९६०मध्ये मोठं यंत्र चालू केलं. १८ फूट लांब, ८ फूट उंच, आत सुमारे २,७०० व्हॉल्व्ह. १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक नाव दिलं. आधी लहान करून बघायचं, ही त्यांची पद्धत आम्हाला फार पटली.

आम्ही एक वही घातली. तारीख, वेळ, काय चालू होतं, लाइट कशी होती. पंधरा दिवसांत दिसलं की बहुतेक वेळा गेलेली लाइट परत आली, आसपासच्या मोटारी एकदम सुरू झाल्या, व्होल्टेज पडलं, की पडदा काळा. ओळखीतून आठ दिवसांसाठी यूपीएस आणला. संध्याकाळचं बंद पडणं थांबलं, पण भर दुपारचं राहिलं. मग प्लग काढून डबा उघडला. पंख्यात धूळ आणि कांद्याची टरफलं! शेजारीच कांद्याची चाळ आहे. ब्रशने साफ केलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या असत्या, तर कशाने काय थांबलं ते कळलं नसतं.

बोर्ड बदलावा लागला नाही. पुढच्या बैठकीत आम्ही त्या मुलीची माफी मागितली. वही तिनेच ठेवली होती, हेही ठरावाच्या रजिस्टरात तिच्या नावानिशी लिहून घेतलं.