सोमवारची शांत रात्र

शिकागोजवळ राहायला आल्यावर मला एक नाद लागला. रात्री साध्या एएम रेडिओवर लांबची स्टेशनं शोधायची. दिवसा फक्त जवळपासची लागतात, कारण वातावरणातला एक खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात.

१९२० च्या दशकात अख्ख्या अमेरिकेला हे वेड होतं. शिकागोत मात्र गावातल्याच स्टेशनांच्या आवाजापुढे परगावचं काही ऐकू येईना. मग तोडगा निघाला. दर सोमवारी संध्याकाळी गावातली स्टेशनं आपणहून गप्प बसायची, आणि लोक हेडफोन लावून लांबची गावं शोधायचे. ऐकल्याचा पुरावा आणि दहा सेंट पाठवले की त्या स्टेशनचं सुंदर तिकीट यायचं. ते अल्बममध्ये चिकटवायचं.

पुढे जाहिराती आल्या, वेळेला भाव आला. दशक संपायच्या आत ती शांत रात्रही संपली.

आज आमच्याकडे खरखर असते ती घरातल्याच चार्जरांची आणि एलईडी दिव्यांची. परवा सगळं बंद करून अंधारात बसलो, तेव्हा १०२० वर पिट्सबर्गचं केडीकेए लागलं. २ नोव्हेंबर १९२० ला अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगणारं हेच ते स्टेशन!

बायकोने अंधारातूनच विचारलं, "काय म्हणतायत?"

"तिकडे पाऊस आहे."

"बरं. आता दिवा लावू?"

म्हटलं, पाच मिनिटं थांब. ती थांबली. शंभर वर्षांपूर्वी अख्खं शिकागो थांबत होतं.