हिशेब आणि अधिकार : मराठवाड्यातील लोकनेतृत्वाच्या सचोटीविषयी काही विचार

'सचोटी' हा शब्द मराठीत आपण बहुधा देण्याघेण्याच्या संदर्भात वापरतो. वसमतच्या हळदीच्या बाजारात शेतकरी आपला माल मापाड्याच्या काट्यावर चढवितो, तेव्हा त्याचे लक्ष मापाड्याच्या कपाळावरील गंधाकडे नसते, काट्याकडे असते. मापाडी सत्शील असेलही. परंतु काटा सर्वांना दिसेल असा ठेवलेला असणे, हीच शेतकऱ्याच्या दृष्टीने सचोटी होय. लोकनेत्यांच्या बाबतीत मात्र आपण ही साधी कसोटी विसरतो आणि त्यांचा साधेपणा, त्यांची वस्त्रे, त्यांचे व्रतस्थ जीवन यांवरून त्यांच्या सचोटीचा निर्णय करून मोकळे होतो. त्याग आणि सचोटी या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीने दुसरीची जागा घेतली म्हणजे संस्थेचे काय होते, याचा विचार हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आधारे करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वसमत तालुका त्या काळी निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यात मोडत असे. हिंगोली जिल्हा निर्माण झाला तो १ मे १९९९ रोजी. तालुक्यातील वापटी गावचे हुतात्मा बहिर्जी शिंदे यांची स्मृती वसमत येथील महाविद्यालयाच्या नावाने जतन झाली आहे. या परिसराला मुक्तिसंग्राम म्हणजे पुस्तकातील प्रकरण नव्हे. घराघरांतून त्याच्या आठवणी सांगितल्या जातात. अशा आठवणींत हौतात्म्य आणि पराक्रम यांना अग्रस्थान मिळावे हे स्वाभाविक आहे. हिशेबाच्या वहीला मात्र त्यांत सहसा स्थान मिळत नाही.

या चळवळीचे सर्वमान्य नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. संन्यास घेण्यापूर्वी त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. चरित्रलेखक या काळाकडे पुढील पर्वाची प्रस्तावना म्हणून पाहतात आणि त्वरेने पुढे जातात. माझ्या मते येथे थोडे थांबले पाहिजे. जोशी हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद. त्या समाजात प्रवेश करणाऱ्यास ज्या सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत, त्यांत स्वतःसाठी द्रव्यार्जन न करण्याची प्रतिज्ञा होती. सभासदाचा निर्वाह संस्थेने ठरवून दिलेल्या वेतनावर चाले. कामगारांची वर्गणी आणा-आण्याने गोळा होते, आणि ती देणारा पुढाऱ्याचे वर्तन कारखान्याच्या दाराशी रोज पाहत असतो. जोशींच्या धोरणावर त्यांच्याच क्षेत्रातील जहाल मंडळींनी कठोर टीका केली, त्यांना मवाळ म्हटले. १९२९ साली नागपूर येथे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसमध्ये फूट पडून जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. तरीही १९४० साली त्याच संस्थेने पुन्हा जोशींच्याच हाती सरचिटणीसपद दिले. मतभेदाच्या पलीकडे टिकून राहणारी अशी पत केवळ साधेपणाने मिळत नाही. तरुण खेडगीकरांनी कार्यकर्त्याचा पहिला धडा घेतला तो अशा माणसाजवळ, हे ध्यानात ठेवावयास हवे.

पुढे हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळा, १९३२ साली संन्यासदीक्षा, १९३५ पासून अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, आणि १९३८ साली शाळा सोडून राजकारण, असा त्यांचा प्रवास झाला. संन्यासदीक्षेमुळे त्यांच्या नेतृत्वास एक वेगळीच धार आली. मराठवाड्यातील खेडुताला भगवे वस्त्र परिचयाचे होते. नामदेवांची परंपरा ज्या नरसीशी जोडली जाते, ते गाव याच परिसरातील. विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ वसमतपासून दूर नाही. परंतु हीच गोष्ट धोक्याची होती. संन्याशास कोणी हिशेब विचारीत नाही. विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी अभद्र बोललो असे वाटते. धर्माधिकाराच्या आश्रयाने उभे राहणारे नेतृत्व आणि उत्तरदायित्व यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न केवळ आपल्या मठ-मंदिरांपुरता नाही.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजातही तो उभा राहिला होता, आणि त्याचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात सापडते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर टिळकांनी सुमारे दोन तपे अमेरिकन मराठी मिशनशी संबंध ठेवून कार्य केले. १९१७ साली ते मिशनच्या नोकरीतून मुक्त झाले आणि 'देवाचा दरबार' या नावाने ख्रिस्तभक्तांचा एक स्वतंत्र बंधुसंघ उभारण्याचा त्यांनी उपक्रम केला. परदेशी संस्थेचा पगार घेणारा उपदेशक आपल्या देशबांधवांना मोकळेपणाने काय सांगू शकतो, हा प्रश्न त्यामागे होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निधन पावले आणि तो उपक्रम बाल्यावस्थेतच राहिला. यशापयश क्षणभर बाजूस ठेवू. उपजीविकेचा उगम आणि वाणीचा अधिकार यांचा संबंध इतरांनी दाखवून देण्यापूर्वीच त्यांनी स्वतः ओळखला, हे येथे महत्त्वाचे. मात्र टिळकांचा मार्ग व्यक्तीचा होता. ज्या संस्थेत शेकडो माणसे, गुप्त निधी आणि शस्त्रेही आली, तेथे एका व्यक्तीच्या निर्मळपणाने भागत नाही. याचा प्रत्यय हैदराबादच्या लढ्यात आला.

स्टेट काँग्रेसचा जन्मच बंदीहुकुमात झाला. सप्टेंबर १९३८ मध्ये, संस्था रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, निजाम सरकारने तिला बेकायदा ठरविले. २४ ऑक्टोबरला गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रहास प्रारंभ केला. त्यानंतर तीनच दिवसांनी स्वामीजींनी सत्याग्रह करून अटक करवून घेतली. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे सत्याग्रहही संस्थानात चालू होते. लोकांत उत्साह होता आणि तुरुंग भरत होते. अशा वेळी, २४ डिसेंबर १९३८ रोजी, महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह स्थगित केला. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी आणि धार्मिक मागण्या यांची सरमिसळ होऊन आपल्या हेतूविषयी संशय निर्माण होऊ नये, हे त्याचे मुख्य कारण होते. तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांना हा निर्णय जिव्हारी लागला, आणि तो व्यवहारदृष्ट्या योग्य होता की काय याविषयी आजही वाद घालता येईल. पण आपण जे म्हणतो आणि लोक आपल्यामागे ज्या कारणाने येत आहेत, त्यांत अंतर पडू लागले आहे असे दिसताच गर्दी सोडून देणे, ही राजकारणात दुर्मीळ गोष्ट आहे. धनाचा लोभ टाळणारे पुढारी पुष्कळ भेटतात. गर्दीचा लोभ टाळणारे थोडे.

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली आणि स्वामीजी अध्यक्ष झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांना अटक झाली; जैसे-थे करारानंतर सुटका आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. ते बाहेर आले ते पोलीस कारवाईनंतर, सप्टेंबर १९४८ मध्ये. म्हणजे लढ्याच्या अत्यंत कठीण काळात सर्वोच्च नेता बहुतांशी बंदिवासात होता आणि चळवळ सरहद्दीवरील शिबिरांतून चालत होती. वसमत-हिंगोली भागाला उमरखेड आणि वाशीम ही ठाणी जवळची होती. या शिबिरांना धान्य, कपडे, औषधे आणि हत्यारे लागत. निधी दोन चलनांत येई : भारतातील रुपया, ज्यास लोक कलदार म्हणत, आणि संस्थानातील हाली शिक्का. १०० रुपये कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा दर होता. ज्याने कधी दोन चलनांची वही लिहिली असेल त्यास कळेल की, अप्रामाणिक माणसाला यांत केवढी मोकळीक होती. गुप्तता हे तर सर्वात मोठे निमित्त : 'चळवळीसाठी' म्हटले की पावती मागणे म्हणजे जणू फितुरी.

या पार्श्वभूमीवर उमरीचा प्रसंग पाहावा. नांदेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील या गावी ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, कार्यकर्त्यांनी सरकारी बँकेवर हल्ला करून सुमारे वीस लाखांची रक्कम हस्तगत केली. आबासाहेब लहानकर यांचे नाव या मोहिमेशी निगडित आहे. अहिंसेच्या कसोटीवर या कृत्याचे काय करावयाचे, हा एक स्वतंत्र विषय आहे आणि तो सोपा नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट निराळी. मराठवाड्यात या घटनेचे जे कथन परंपरेने चालत आले आहे, त्यात पराक्रमाच्या जोडीला एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते : ती रक्कम वाटेत कोठे पाझरली नाही, तिचा हिशेब ठेवला गेला आणि तो वरिष्ठांपुढे मांडला गेला. लुटीची कथा सांगताना लोकस्मृतीने हिशेब जपून ठेवावा, याचा अर्थ लोक कशाकडे पाहत होते हे स्पष्ट आहे. स्वामीजी त्या वेळी तुरुंगात होते. तेव्हा हिशेब ठेवण्याची शिस्त त्यांच्या नजरेच्या धाकाने निर्माण झाली असे म्हणता येत नाही. ती संस्थेत मुरलेली होती, असेच म्हणावे लागते. आणि नेत्याच्या सचोटीची खरी परीक्षा तो गैरहजर असतानाच होते.

स्वतः स्वामीजींनी पुढे सत्तेचे पद घेतले नाही. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादहून ते लोकसभेवर गेले. ज्या हैदराबाद राज्याच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष होते, ते राज्यच भाषिक तत्त्वावर विभागले जावे असा आग्रह त्यांनी धरला आणि १९५६ साली तसे झाले. आपल्या नेतृत्वाचा आधार असलेली भूमीच त्यांनी अशा रीतीने आपणहून विसर्जित केली. या गोष्टीचा पुरेसा विचार झाला आहे असे मला वाटत नाही.

येथपर्यंतचे विवेचन सुखद आहे. परंतु येथेच थांबल्यास प्रस्तुत लेखकही ज्या दोषाची चर्चा करीत आहे, त्याच दोषास पात्र होईल. पैशाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या चळवळीपुढे सप्टेंबर १९४८ नंतर दुसराच हिशेब उभा राहिला. रझाकारांनी मराठवाड्यातील गावांवर जे अत्याचार केले ते निर्विवाद आहेत, आणि त्यांची नोंद आपण सविस्तर केली आहे. १३ ते १७ सप्टेंबरच्या कारवाईनंतर संस्थानातील मुसलमान रयतेवर जो प्रसंग गुदरला, त्याची नोंद मात्र तशी झाली नाही. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आदींचे एक मंडळ नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांस सर्वाधिक झळ पोहोचल्याचे त्यांनी नमूद केले आणि साऱ्या संस्थानातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार इतका दिला. हा आकडा अभ्यासकांनी तपासून पाहावा. अंदाज हा अंदाजच असतो. पण तपासण्यासाठी कागद समोर असावा लागतो. तो कागद दीर्घकाळ प्रसिद्ध झाला नाही.

याचा दोष कोणा एका व्यक्तीच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. दिल्लीपुढे काश्मीर होते, संयुक्त राष्ट्रसंघ होता. हैदराबादच्या नव्या कारभारापुढे तेलंगणातील सशस्त्र उठाव होता. आणि स्टेट काँग्रेस तर आपल्याच दोन गटांच्या भांडणात गुंतलेली होती. प्रत्येकाजवळ मौनाचे एक समर्थनीय कारण होते. तथापि वीस लाखांचा हिशेब आम्ही दिला, असे अभिमानाने सांगणाऱ्या पिढीने हा दुसरा हिशेब मागितला नाही, ही वस्तुस्थिती उरतेच. शत्रूचे अपराध मोजण्यास सचोटी लागत नाही. ती आपल्या बाजूच्या माणसांच्या कृत्यांकडे पाहताना लागते, आणि तेथे पूर्वीच्या त्यागाची पुण्याई उपयोगी पडत नाही. उलट ती आड येते.

सुंदरलाल मंडळाच्या अहवालात एक लहानसा उल्लेख आहे, तो वाचताना मन थबकते. काही ठिकाणी एकाच धंद्यातील माणसांत बंधुभाव विशेष दृढ दिसला. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंचे रक्षण केले, आणि त्यासाठी काहींनी प्राणांचे मोलही दिले. या विणकरांपैकी कोणी सभा गाजविल्या नव्हत्या, प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या नव्हत्या. मागाशी मांडी घालून बसणारी ही माणसे. शेजारच्या मागावर कोण बसतो हे त्यांना ठाऊक होते. 'नेतृत्व' या शीर्षकाखाली आपण ज्यांचा अभ्यास करतो, त्या यादीत त्यांना कोठे बसवावयाचे, हे मला अद्याप सुचलेले नाही.

या अहवालाचा काही भाग १९८८ साली एका संपादित ग्रंथात छापला गेला; मूळ कागद दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला तो २०१३ च्या सुमारास. १९४८ साली जे वीस वर्षांचे होते, ते तोवर पंच्याऐंशीच्या घरात आले होते. वसमत, औंढा, कळमनुरी या भागांतील गावांतून आता त्यांची मुले आणि नातवंडे आहेत. त्यांच्याकडे मुक्तिसंग्रामाच्या आठवणी टिपण्यासाठी जाणारे आपले विद्यार्थी शिबिर कोठे होते, बंदूक कोणी आणली, हे विचारतात. कारवाईनंतरच्या त्या आठवड्यांत गावातील शेजाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या प्रश्नावलीत घातला पाहिजे.