दहा शिलिंगांचा हिशेब

१/ १९२० सालचा नाताळचा सण. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा फुटबॉल सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक लोटले; हजारोंना दारातूनच परतावे लागले. तीन हजार पौंडांहून अधिक निधी जमला, तो युद्धातून परतलेल्या गरजू सैनिकांसाठी. मात्र वर्ष उलटण्यापूर्वीच या महिलांना ही मैदाने बंद झाली.

२/ विजयी संघ होता प्रेस्टन शहरातील ‘डिक, कर्र लेडीज’. पहिल्या महायुद्धात दारूगोळा बनवणाऱ्या कारखान्यातील या कामगार स्त्रिया. १९१७ च्या नाताळात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्यांनी सामना भरवला आणि दहा हजार लोक आले.

३/ मोबदला किती? सामन्यामागे दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. तोही बुडालेल्या मजुरीपोटी आणि खर्चापोटी.

४/ पुरुषांचे काय? इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ मध्येच व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली होती. १९०१ मध्ये वेतनाची कमाल मर्यादा आठवड्याला चार पौंड ठरली. ही मर्यादाही अन्यायकारकच होती आणि ती १९६१ पर्यंत टिकली. परंतु त्या वेतनातून दानधर्म किती झाला, असे कोणी विचारले नाही.

५/ १९२१ मध्ये इंग्लंडात खाणकामगारांची टाळेबंदी झाली. महिलांचे सामने आता त्यांच्या उपाशी कुटुंबांसाठीही होऊ लागले. सैनिकांना दिलेले दान सर्वांना रुचले होते. हे दान अनेकांना खुपले, असे काही इतिहासकार मानतात.

६/ ५ डिसेंबर १९२१ रोजी असोसिएशनने ठराव केला : फुटबॉल स्त्रियांना मुळीच योग्य नाही, शिवाय जमलेल्या पैशांपैकी फार मोठा वाटा खर्चात जातो आणि धर्मादायाला पुरेसा उरत नाही. संलग्न क्लबांनी त्यांना मैदाने देऊ नयेत.

७/ कर्णधार ॲलिस केल यांचा युक्तिवाद साधा होता : कष्टकरी मुलींनी गावोगावी खेळायला जायचे आणि मजुरीही गमवायची, हे कसे परवडावे? बुडालेला रोज भरून मिळण्यात गैर काय?

८/ बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. संघ सार्वजनिक उद्यानांत खेळत राहिला आणि १९६५ मध्ये विसर्जित झाला. बंदी उठलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

९/ २००७ पासून इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातील पुरुष खेळाडू आपले सामना-मानधन धर्मादायास देतात. त्यांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. २०२० पासून महिलांनाही तेवढेच मानधन मिळते. औदार्य शोभते ते आधी हक्काचे वेतन हाती पडल्यावर. १९२१ मध्ये मात्र स्त्रियांकडून औदार्याची सक्ती झाली आणि वेतनाचा गुन्हा ठरला.