क्रोटनचे कलम

मराठीत ‘कलम’ हा शब्द लेखकाच्या हाती असतो तसा माळ्याच्याही हाती असतो. फारसीच्या वाटेने आलेल्या या शब्दाचा लेखणी हा अर्थ आपण अभ्यासक मंडळी अभिमानाने मिरवतो. झाडाच्या फांदीपासून तयार केलेले नवे झाड हा त्याचा दुसरा अर्थ मात्र बागकामाच्या पुस्तकांकडे सोपवून मोकळे होतो. कचेऱ्यांच्या आवारात, रेल्वेस्थानकांवर आणि महाविद्यालयांच्या व्हरांड्यांत कुंड्यांमधून उभ्या असलेल्या क्रोटन नावाच्या परिचित झुडपाचा इतिहास पाहू लागलो, की हे दोन अर्थ वेगळे ठेवणे अवघड होते.

क्रोटनला फुले येतात, पण त्यांच्यासाठी ते कोणी लावत नाही. त्याचे वैभव पानांत आहे: हिरव्यावर पिवळे शिंतोडे, तांबड्या शिरा, नारिंगी कडा. कोवळेपणी हिरवे-पिवळे असलेले पान जून झाल्यावर अनेकदा लाल होते. हे रंग उजेडावर पोसतात. झाड काळोख्या कोपऱ्यात ठेवले की नवी पाने हिरवीच येऊ लागतात. शेंडे वेळेवर खुडले तर झुडूप आटोपशीर आणि भरगच्च राहते, मात्र खुडताना निघणारा चीक कपड्यांवर डाग पाडतो. परंतु या झाडाची खरी मेख त्याच्या बियांत आहे. बीपासून उगवलेले रोप आईसारखे निघेल याची शाश्वती नसते. म्हणून आवडलेले वाण टिकवायचे तर छाट कलम किंवा गुटी कलम करावे लागते. पावसाळ्यात फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोलाकार काढायची, तिथे ओले शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचे आणि काही आठवड्यांनी मुळ्या दिसल्या की फांदी कापून कुंडीत लावायची. थोडक्यात, क्रोटनचे प्रत्येक जुने वाण म्हणजे हातोहात नकलून घेतलेली एक प्रत असते.

या झाडाचे युरोपातील पहिले महत्त्वाचे वर्णन ज्या ग्रंथात आले, त्याचेही तसेच झाले. जॉर्ज एबरहार्ड रुम्फियस हा जर्मन गृहस्थ डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत 1654 च्या सुमारास मोलुक्का बेटांपैकी अंबोन येथे पोहोचला आणि तेथील वनस्पतींनी झपाटला गेला. 1670 मध्ये त्याची दृष्टी गेली. तोवर तो लॅटिनमध्ये लिहीत होता. आता मजकूर सांगून उतरवून घ्यावा लागणार होता आणि लेखनिकांना लॅटिन येत नव्हते, म्हणून त्याने डच भाषेत पुन्हा आरंभ केला. 1674 च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी गेली. 1687 च्या आगीत चित्रे जळाली, ती पुन्हा काढवून घेतली. अखेर ग्रंथाचा पहिला मोठा भाग हॉलंडकडे रवाना झाला, तर 1692 मध्ये फ्रेंचांनी ते जहाजच बुडवले. ग्रंथ वाचला तो केवळ गव्हर्नर जनरल काम्फाउस याने बटाव्हियात आधीच एक नक्कल करवून ठेवली होती म्हणून. रुम्फियस 1702 मध्ये वारला; ‘हर्बेरियम अंबोइनेन्स’ छापून होऊ लागले ते 1741 पासून. पानांच्या रंगांसाठीच जपल्या जाणाऱ्या झाडाची हकिकत एका दृष्टिहीन माणसाच्या ग्रंथातून, अनाम लेखनिकांच्या हातून जगापुढे आली.

रुम्फियसने झाडाचे तर्नाते बेटावरचे नाव, ‘कोडिहो’, लॅटिन वळणाने ‘कोडिएम’ असे नोंदले होते. परंतु 1753 मध्ये लिनियसने ते ‘क्रोटन’ या प्रजातीत घातले. ग्रीक भाषेत ‘क्रोटन’ म्हणजे गोचीड. एरंडाच्या बीचा आकार तसा दिसतो म्हणून एरंडालाही तोच शब्द. या प्रजातीतला आपल्या परिचयाचा खरा क्रोटन म्हणजे वैद्यांचा जयपाळ, अर्थात जमालगोटा! 1824 मध्ये आद्रियाँ द ज्युसियू याने ही चूक दुरुस्त करून ‘कोडिएम’ ही स्वतंत्र प्रजाती मान्य केली. वनस्पतिशास्त्रात बेटावरचे नाव परत आले. बागेत मात्र चुकीचा पाठच रूढ राहिला आणि मराठीने तोच स्वीकारला. रूढ पाठ आणि शुद्ध पाठ यांचे हे भांडण साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे वाटू नये.

युरोपात या झाडाची हौस वाढली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्यामागे काच होती. नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत झाडे दीर्घकाळ तग धरतात हे ओळखले आणि 1833 मध्ये अशा पेट्या जहाजाने सिडनीला पाठवून ते सिद्ध केले. 1845 मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला आणि काचगृहे आवाक्यात आली. 1860 च्या दशकात जॉन गूल्ड व्हीच या तरुणाने दक्षिण समुद्रातील बेटांवरून अनेक क्रोटन आपल्या घराण्याच्या चेल्सी येथील रोपवाटिकेसाठी नेले. त्याचे घराणे वाणांच्या नावांतून उरले. ती वाणे बेटांवर घराभोवती पिढ्यान्‌पिढ्या लावणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही सूचीत आली नाहीत.

नक्कल करणे हे हलके काम, अशी आपली एक समजूत असते. पाठचिकित्सेचा अभ्यास ती दूर करतो. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे जे होते ते नक्कलकारांनी टिकवलेले आणि त्यांनीच बिघडवलेलेही होते. क्रोटनमध्येही असे पाठभेद संभवतात. एखाद्या झाडाची एकच फांदी अचानक निराळ्या रंगाची निघते. मात्र इथे माळ्याची आणि संपादकाची वाट वेगळी होते. संपादक प्रक्षिप्त भाग गाळतो. माळी ती फांदी आवडली तर तिचे कलम करतो आणि नवे वाण जन्माला येते. कोणती वाट योग्य, हे हाती काय आहे त्यावर ठरते. परंतु दोघांनाही आधी बारकाईने पाहावे लागते.

आमच्या मराठी विभागाच्या दारात लाल-पिवळ्या लांबट पानांचा एक जुना क्रोटन होता. काही वर्षांपूर्वी इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा कुंड्या राडारोड्यासोबत गेल्या. आम्हा प्राध्यापकांपैकी कोणाच्या ते ध्यानातही आले नाही. निवृत्त झालेले आमचे शिपाईमामा पुढच्या वर्षी एक कुंडी घेऊन आले. आधीच्या पावसाळ्यात त्यांनी त्या झाडाला गुटी बांधून एक कलम घरी नेले होते. “तेच झाड आहे, सर,” एवढेच ते म्हणाले.

हस्तलिखितांवरील तासाला मी आता विद्यार्थ्यांना आधी त्या कुंडीपाशी नेतो. शेवटच्या पानावर नक्कलकाराचे नाव सापडले तर ते टिपून घ्या, असे सांगतो. पुष्कळदा ते सापडत नाही. मामांचे नाव आम्ही कुंडीवर रंगाने लिहून ठेवले आहे.